सासूबाई टॉक्सिक, नवरा ऑनलाइन

ताई, नमस्कार.

मी मूळची पुण्याची. लग्नाला तीन वर्षं झाली, इंदूरला सुदामा नगरात सासरी राहते, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. गेल्या महिन्यात माझ्या हातून फार मोठा घोळ झाला. सासूबाईंनी माझ्या नावाचं पार्सल उघडून बघितलं आणि वर म्हणाल्या, "ते उघडंच आलं होतं." कात्री अजून सोफ्यावर पडलेली! माझं डोकं फिरलं. मैत्रिणीला लिहिलं, "ही बाई टोटल टॉक्सिक आहे. गॅसलाइट करते, बाउंड्री नावाची गोष्ट माहीत नाही, आणि सगळं इमोशनल लेबर माझ्या गळ्यात." मेसेज गेला घरच्या ग्रुपवर. तिथे एकोणीस माणसं आहेत. लगेच डिलीट केला, पण त्याआधी ‘इन्फो’त बघितलं तर अकरा जणांनी वाचला होता.

सासूबाईंनी मला काहीच विचारलं नाही. नणंदेच्या मुलाला विचारलं, तो अकरावीत आहे. तो म्हणाला, "आजी, टॉक्सिक म्हणजे विषारी." त्या म्हणाल्या, "म्हणजे सापासारखी का रे?" हा म्हणतो, "हओ."

दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवसापासून निराळंच सुरू झालं. पोह्यांची बशी पुढे ठेवताना म्हणतात, "घे, टॉक्सिक हातचे आहेत, चालतील ना?" शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "जरा लांब बसा हो, मी टॉक्सिक आहे." हा टोमणा की चेष्टा, मला कळेनासं झालंय. मैत्रीण म्हणते, त्या नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात आहेत, पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह आहेत, तू सरळ नो कॉन्टॅक्ट ठेव. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी बघून घ्या, आणि मोबाईलमध्ये डोकं घालतो. दिवाळीला माहेरी जायचं ठरलं होतं, त्यावरही आता म्हणतात, "मी तर असं बोललीच नव्हती." माफी मागू का? मागितली तर मी लिहिलेलं खोटं ठरेल, आणि ते खोटं नव्हतं.

एक अडकलेली सून, इंदूर

अगं अडकलेल्या मुली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. माफी माग. पण कशाची मागायची ते आधी नीट ठरव. पार्सल त्यांनी उघडलं हे खरं, त्याचा तुला राग आला हेही रास्त. त्याची माफी तू का मागायचीस? त्यांच्याशी बोलायची गोष्ट तू पाठीमागे बोललीस आणि ती अख्ख्या गोतावळ्यापुढे गेली, माफी तेवढ्याचीच. ह्या दोन गोष्टींची गाठ बसली की माणूस एक तर लोटांगण घालतं, नाही तर हटून बसतं. तू सध्या हटून बसली आहेस.

मेसेज डिलीट केलास तेही अंगाशीच आलं म्हण. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसतं, पण पुसल्याची पाटी तिथेच ठेवतं. ज्यांनी वाचला नव्हता त्यांनी ती पाटी बघून वाचलेल्यांना फोन केले असणार. आपल्या लोकांच्या ग्रुपवर सकाळच्या सुविचाराला कुणी हिंग लावून विचारत नाही, पण पुसलेल्या मेसेजची चौकशी समिती बसते. तेव्हा कुणाला कळलं नसेल ही आशा सोड, आणि त्या ग्रुपवर खुलासा तर मुळीच टाकू नकोस. खुलाशाखाली मावससासूबाई हात जोडल्याचं चित्र टाकतील आणि प्रकरण पुन्हा वर येईल.

आता तुझ्या शब्दांकडे वळते. मला हे शब्द वर्ज्य नाहीत. माझ्या वेळी सून रडत माहेरी गेली की आई डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, घरोघरी मातीच्या चुली. झालं! पोरगी डोळे पुसून संध्याकाळच्या गाडीने परत सासरी. तुम्हाला निदान नावं मिळाली. आपलं जे होतंय ते आणखीही कुणाचं होतंय, एवढा धीर त्या नावांनी येतो, आणि तो काही थोडका नाही. पण तुझा मेसेज मी दोनदा वाचला, आणि त्यात ‘टॉक्सिक’ हा शब्द त्या म्हणीचंच काम करतोय असं मला दिसलं. चुली मातीच्याच असायच्या, बाई विषारीच असायची. दोन्हींत पुढे बोलायला जागा नाही.

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१८ सालचा शब्द म्हणून ‘टॉक्सिक’ निवडला होता. कारण काय, तर त्या वर्षी तो रसायनांपासून ऑफिसपर्यंत आणि कचऱ्यापासून नवरा-बायकोपर्यंत कशालाही लावला जात होता. कारखान्याच्या धुराला लागतो तोच शब्द सासूला लावल्यावर सासूबद्दल काय कळलं? आपल्या इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेत देशात नाव काढलं ते ओला, सुका, सॅनिटरी, घातक असा कचरा घरातच वेगळा करून. सकाळी गाडी आली की तू भेंडीचे देठ आणि संपलेले सेल एका डब्यात देत नाहीस. मेसेजमध्ये मात्र पार्सल, थाप, घरकाम असं सगळं एकाच पिशवीत कोंबलंस आणि वर टॉक्सिकची चिठ्ठी लावलीस. ती पिशवी उलटी करून बघू.

सगळ्यात जड शब्द ‘गॅसलाइट’, आणि तोच तू सगळ्यात हलक्या हाताने वापरलास. तो आलाय पॅट्रिक हॅमिल्टन ह्या इंग्रज लेखकाच्या १९३८ सालच्या नाटकावरून. १९४४ साली हॉलिवूडने त्यावर चित्रपट काढला तेव्हा तो सगळीकडे पोचला. त्यातला नवरा बायकोच्या नकळत वरच्या मजल्यावर दडवलेले दागिने शोधत असतो. तिथला गॅसचा दिवा लावला की खालच्या खोलीतले दिवे मंदावतात. बायको म्हणते, दिवे मंद झाले. हा म्हणतो, कुठे झाले? तुलाच भास होतात. वस्तू स्वतः लपवायच्या, हरवल्याचा आळ तिच्यावर घ्यायचा, आणि हे रोज, ठरवून, तिचा आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास उडेपर्यंत. नाटकापुरतं होतं असंही नाही. १९६९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी खऱ्याखुऱ्या केसेस छापल्या होत्या, धडधाकट नातेवाइकाला वेडं ठरवून इस्पितळात धाडण्याच्या. पुढे २०२२ साली मेरियम-वेबस्टर कोशाने हा वर्षाचा शब्द ठरवला. त्या एका वर्षात त्यांच्याकडे ह्या शब्दाचा शोध १७४० टक्क्यांनी वाढला होता. तेवढ्या घरांतले दिवे काही एकाच वर्षात मंदावले नसणार.

आता सांग, "ते उघडंच आलं होतं" असं त्या म्हणाल्या तेव्हा तुला काय वाटलं? आपल्यालाच भास होतोय असं वाटलं का? मुळीच नाही. तुला सोफ्यावरची कात्री दिसली. तुझं डोकं शंभर टक्के ठिकाणावर होतं. रंगेहाथ सापडल्यावर त्यांनी तोंडाला येईल ते ठोकून दिलं. ही थाप झाली, आणि तीही कच्ची, कारण कात्री उचलायचंसुद्धा त्यांच्या डोक्यात आलं नाही. मुरलेली बाई अशी सापडत नाही गं.

दिवाळीची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे त्या पलटल्या असतील, विसरल्या असतील, किंवा त्यांनी हो म्हटलंय असं तूच धरून चालली असशील. आमच्या इकडचा ‘हओ’ पुण्याच्या मुलींना लवकर उमजत नाही. समोरचा हओ म्हणाला म्हणजे कबूल झाला असं नव्हे; पुष्कळदा त्याने फक्त ऐकलेलं असतं. भाच्याचा हओ मात्र अगदी मनापासूनचा होता, त्यात शंका नाही.

गॅसलाइट हा शब्द जपून वापर म्हणते त्याला कारण आहे. सुनेचा पगार काढून घेणं, माहेरचे फोन बंद करणं, घराबाहेर पडू न देणं, आणि बोलली की ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ असं चार लोकांत पसरवणं, हे ह्या शहरातही होतं आणि चांगल्या शिकलेल्या घरांत होतं. त्यासाठी २००५ सालचा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्यात मारहाणीबरोबर शाब्दिक आणि मानसिक छळही धरलेला आहे. १८१ हा महिला मदतीचा नंबर आहे. असा छळ सोसणाऱ्या बाईने उद्या तोंड उघडलं तर ऐकणाऱ्याने "अगं, सगळ्यांच्याच सासवा गॅसलाइट करतात" असं म्हणून चहाचा घोट घेऊ नये, म्हणून सांगतेय. तुझ्या पत्रात मला असं काही दिसलं नाही. असेल आणि लिहायची हिंमत झाली नसेल, तर माझं बाकीचं सगळं बाजूला ठेव आणि आधी तो फोन कर.

‘बाउंड्री’ हा तुझ्या पिशवीतला सगळ्यात कामाचा शब्द, आणि त्याचीच तू नासाडी केलीस. तुझ्या सासूबाई बहुतेक रामबाग नाही तर नारायण बागेकडच्या जुन्या वाड्यात वाढल्या असतील. तिथे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची वाट असायची, आणि दिवसाढवळ्या कुणी दार लावलं तर घरात काहीतरी बिनसलंय असं समजायचे. घरात आलेली वस्तू घराची, मग डब्यावर नाव कुणाचं का असेना. त्यांना बाउंड्री माहीत नाही हे तू लिहिलंस ते बरोबरच आहे. पण ती त्यांना कुणी सांगितली का? "तुम्हाला बाउंड्री नाही" हा आरोप झाला. "माझ्या नावाचं पार्सल आलं की माझ्या टेबलावर ठेवा, मी आल्यावर उघडेन" असं म्हटलंस तर त्यांना काय करायचं ते कळेल.

‘इमोशनल लेबर’ वाचून मला जरा हसू आलं, रागावू नकोस. आर्ली हॉकशील्ड ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हा शब्द रूढ केला तो पगारी कामाबद्दल. विमानातल्या मुलींना अंगात ताप असला तरी प्रवाशांपुढे हसतमुख राहावं लागतं, ते हसूच नोकरीचा भाग असतं, त्या मेहनतीला त्यांनी हे नाव दिलं. पुढे लोकांनी तो भांडी घासण्यापासून वाढदिवस लक्षात ठेवण्यापर्यंत सगळ्याला लावला, तेव्हा २०१८ साली एका मुलाखतीत खुद्द बाईंनाच सांगावं लागलं की शब्द फार ताणला जातोय. तू तो कशाबद्दल वापरलास ते लिहिलं नाहीस. अंदाज करते: कुणाचं केळवण कधी, आहेर किती द्यायचा, सासऱ्यांच्या गोळ्या कधी संपतात, कामवाली बाई उद्या येणार का, हे सगळं तुझ्या डोक्यात असतं आणि मीटिंग चालू असतानाही असतं. ही मेहनत आहेच, तिला हवं ते नाव दे. पण ती सासूबाईंनी तुझ्या गळ्यात घातली असं मला वाटत नाही. तू यायच्या आधी तीसेक वर्षं ती त्यांच्याच गळ्यात होती. तिचा निम्मा वाटा ज्याने उचलायला हवा तो सोफ्यावर बसलाय, कात्रीच्या शेजारी. त्याच्याकडे येतेच.

आधी मैत्रीण. तिने तुझ्या सासूबाईंना एकदा तरी पाहिलंय का? नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत ते १९८० साली आलं, आणि ते ठरवायला तज्ज्ञाला माणूस समोर बसवून बराच वेळ द्यावा लागतो. व्हॉइस नोट ऐकून ते होत नाही. दुसऱ्याचं पार्सल उघडणं ही चौकसपणाची खोड आहे, आणि ती निम्म्या सुदामा नगराला आहे. ‘नो कॉन्टॅक्ट’ हा सल्ला बंगळुरूत फ्लॅटवर एकटीने राहणाऱ्या मुलीला जमेल. तुमचा गॅस एक, गीझर एक, फ्रिजमधलं दही एक. नो कॉन्टॅक्ट ठेवून दही विरजणार कोण?

‘पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह’बद्दल मात्र मैत्रीण नकळत कामाचं बोलून गेली. हा शब्द रणांगणाकडून आलाय. १९४५ साली अमेरिकी सैन्याच्या एका वैद्यकीय पत्रकात विल्यम मेनिंजर ह्या मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो वापरला गेला, हुकुमाला उघड नकार न देणाऱ्या शिपायांसाठी. ते नाही म्हणत नाहीत. तोंड पाडून बसतात, कामं रेंगाळवतात, मुद्दाम चुकवतात. का? कारण सैन्यात हुकूम मोडायची सोय नसते. ज्याच्या हातात काही नसतं तो असं करतो. आता तुमच्या घराकडे बघ आणि शिपाई कोण ते सांग. महिन्याचा पगार तुझा, पार्सलं तुझी, ग्रुपवरची भाषाही तुझी. त्यांना स्वतःवरच्या आरोपाचा अर्थ कळायला अकरावीतल्या नातवाला विचारावं लागलं. आम्ही शाळेत मोठ्यांना कळू नये म्हणून च-ची भाषा बोलायचो. ती आईला आमच्यापेक्षा सफाईने येत होती हे फार उशिरा कळलं. तुझ्या सासूबाईंच्या वाट्याला ती मजाही आली नाही.

तर टोमणा की चेष्टा? दोन्ही. पण चेष्टेकडे जरा जास्त झुकलेलं. खरा अबोला कसा असतो ते तू पाहिलेलं नाहीस. ह्याच गावात एका वाड्यात दोन जावा वर्षानुवर्षं पोरांमार्फत बोलत: "काकूला सांग, कुकर झाला." तुझ्या सासूबाईंचा अबोला तिसऱ्या दिवशी मोडला, आणि तोही पोह्यांवर. जो शब्द त्यांना झोंबला तोच त्यांनी उचलला, रोज वापरून बोथट केला, वर शेजारणीला ऐकवला. मनात आढी धरलेली बाई असा शब्द चारचौघांत मिरवत नाही, पोटात ठेवून लग्नकार्यात बाहेर काढते. ह्या तुला रोज सकाळी उत्तर द्यायची संधी देतायत आणि तू मान खाली घालून पोहे खातेस! उद्या बशी आली की म्हण, "चालतील आई, फक्त शेव-जीरावण जास्त घाला, उतारा म्हणून." हसल्या तर उत्तम. "चल, आगाऊ" म्हणाल्या तरी उत्तमच. काहीच बोलल्या नाहीत तर जीरावण मसाला किती पडला ते बघ.

हे झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माफी. दुपारच्या चहाच्या वेळी, मालिका लागायच्या आधी, भाचा घरात नसताना. वाक्यं चारच असू देत: "आई, तो मेसेज मी मैत्रिणीला लिहिला होता. मला राग आला होता, पण तुमच्याबद्दल तसं लिहायला नको होतं. तो सगळ्यांपुढे गेला, तुम्हाला किती लागलं असेल. माझं चुकलं." ह्यापुढे ‘पण’ लावायचा नाही. जीभ वळवळेल, कात्री आठवेल, चहा पी. त्या म्हणतील, "मला काय, मी तर विषारी." म्हणू दे. त्या रडतीलही. नाही तर एकदम विषय बदलून "आज भाजी काय बनवू?" असं विचारतील. बऱ्याच सासवांचं ‘माफ केलं’ हे भाजीच्या प्रश्नातूनच येतं. त्यांनी सरळ विचारलंच, टॉक्सिक म्हणजे नेमकं काय गं, तर खरं सांग: "मला त्रास होतोय एवढंच म्हणायचं होतं, त्यासाठी फार मोठा शब्द वापरला." पार्सलचं त्या दिवशी काढू नकोस. माफी आणि तक्रार एका चहाला वाढली की समोरच्याला फक्त तक्रार ऐकू येते. पार्सलचं पुढच्या आठवड्यात, आणि शक्यतो तू बोलूच नकोस.

कारण ते बोलायचं तुझ्या नवऱ्याने. तुझं पत्र पुन्हा वाच. सासूबाईंना तू आणि मैत्रिणीने मिळून अर्धा डझन बिरुदं दिली आहेत. नवऱ्याला एकही नाही. त्याच्या वाट्याला एक ओळ, आणि तीही कौतुकाची नसली तरी तक्रारीची म्हणता येणार नाही अशी. त्याच्यासाठीही शब्द आहे बरं का: फबिंग. समोरच्या माणसाला सोडून फोनमध्ये बघत बसायचं. हा शब्द तर चक्क ऑर्डर देऊन बनवलेला आहे. २०१२ साली ऑस्ट्रेलियात मॅक्वेरी शब्दकोशाच्या प्रचारासाठी एका जाहिरात कंपनीने भाषेतली जाणती माणसं एकत्र बसवून फोन आणि ‘स्नबिंग’ जोडून तो तयार केला, आणि मग तो जगभर पसरवला. पण रात्री हा शब्द त्याच्या अंगावर फेकू नकोस. ग्रुपवर एक शब्द फेकून झालाय, त्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

मला एक सांग, त्या अकरा जणांत त्याचं नाव होतं का? तू ते लिहिलं नाहीस. मला वाटतं होतं. त्याने मेसेज वाचला, आईचं तोंड पाहिलं, तुझं पाहिलं, आणि "बघून घ्या" म्हणाला. ऐकायला तटस्थ वाटतं. पण ज्या घरात आई त्याची, बायको त्याची, आणि दोघींना एका ओट्यापाशी आणलं त्यानेच, तिथे हा तटस्थ राहून बसणार कुठे? "आई, हिची पार्सलं उघडू नकोस, तिला आवडत नाही" एवढं एक वाक्य त्याने म्हटलं तर सासूबाई दिवसभर फुगतील, संध्याकाळी त्यालाच आवडीचं करून घालतील, विषय मिटला. तेच तू म्हटलंस तर संध्याकाळच्या आत नणंदेला फोन जाईल. हा न्याय नाही, मला माहीत आहे. पण मुलाच्या शब्दाला त्या घरात आज भाव आहे, तर तो वापरात आणायला काय हरकत आहे?

त्याच्याशी बोलायचं कुठे, तेही सांगते. घरात नको, घरात त्याच्या हातात मोबाईल असतो आणि भिंतीपलीकडे आई असते. रात्री जेवणं झाली की सराफ्यात घेऊन जा. दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्या की भुट्ट्याच्या किसाचा दोना त्याच्या एका हातात दे, दुसऱ्या हातात चमचा. फोन धरायला हात उरत नाही. गर्दीत कुणी कुणाचं ऐकत नसतं. तिथे त्याला दोनच कामं सांग: पार्सलचं वाक्य आईला म्हणायचं, आणि घरातली एक गोष्ट, गोळ्या म्हण नाही तर आहेर म्हण, संपूर्ण त्याच्या डोक्यात ठेवायची. ‘मदत करतो’ म्हणाला तर पुढचा दोना देऊ नकोस. मदत नको आहे, ती गोष्ट त्याची व्हायला हवी आहे. टॉक्सिक, फबिंग, लेबर ह्यातलं काहीही न उच्चारता हे सगळं बोलता येतं, करून बघ.

राहिली दिवाळी. ती आता तोंडी ठेवू नका. भाऊबीजेला पुण्याला कधी निघायचं, परत कधी यायचं, हे नवऱ्याने आईसमोर ठरवायचं आणि मग साध्या मराठीत त्याच एकोणीस जणांच्या ग्रुपवर टाकायचं, तारखांसकट. त्यावर सासूबाईंनी अंगठा दाखवला की कोण काय बोललं होतं हा वादच उरत नाही. मेसेज नवऱ्याच्या फोनवरून जाऊ दे. आणि तारीख ठरवायला वेळ लावू नका. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. दिवाळीच्या दिवसांत इंदूर-पुणे गाडी बघता बघता वेटिंगवर जाते. खिडकी सकाळी आठला उघडते. त्या दिवशी पावणेआठपासून नवऱ्याला खुशाल मोबाईलमध्ये डोकं घालून बसू दे.